विजेवरचा अवकाश-थ्रस्टर शाळेत बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं आमची मुलं प्रदर्शनासाठी 'अवकाशयानाचं विजेवरचं इंजिन' हा विषय घेतात. दर दिवाळीनंतर आजूबाजूच्या तालुक्यांतले विद्यार्थी, शिक्षक आणि पालकही फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

विजेवरचा थ्रस्टर म्हणजे नेमकं काय?

दिवाळीतला बाण ज्या तत्त्वावर वर जातो तेच तत्त्व इथेही आहे. काहीतरी मागे जोरात फेकायचं, म्हणजे आपण पुढे ढकललो जातो. न्यूटनचा तिसरा नियम. फरक फेकण्याच्या पद्धतीत आहे. बाणात दारू जळते आणि गरम वायू मागे सुटतो. विजेवरच्या थ्रस्टरमध्ये जळत काहीच नाही. झेनॉनसारख्या वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतात. उरलेला धनभारित आयन विद्युत क्षेत्रात सापडला की प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो.

हा वेग दहावीचा विद्यार्थी स्वतः काढू शकतो. झेनॉनचा एक आयन १,००० व्होल्टच्या विभवांतरातून गेला, तर विद्युत ऊर्जा बरोबर गतिज ऊर्जा असं समीकरण मांडायचं. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३८ किलोमीटर. रासायनिक रॉकेटचा वायू सेकंदाला तीन ते साडेचार किलोमीटरच्या घरात बाहेर पडतो. म्हणजे तेवढाच वेग मिळवायला विजेवरच्या यानाला इंधन कितीतरी कमी लागतं.

आपल्याकडच्या मुलांना मी ठिबकचं उदाहरण देते. पाटाने पाणी सोडलं तर शेत पटकन भिजतं, पण विहीर उपसली जाते. ठिबकला वेळ लागतो, पण त्याच पाण्यात जास्त रान निघतं. हा थ्रस्टर म्हणजे अवकाशातलं ठिबक.

मग यावर श्रीहरिकोट्याहून रॉकेट का उडवत नाहीत?

कारण रेटा फार कमी असतो. नासाच्या १९९८ सालच्या 'डीप स्पेस १' यानाच्या आयन इंजिनाचा सर्वात जास्त रेटा ९२ मिलिन्यूटन होता, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम वजनाएवढा. झेरॉक्सचे दोन ए-४ कागद तळहातावर ठेवा. तेवढंच.

वर्गात हे मी मुलांना प्रत्यक्ष करायला लावते. कागद हातावर ठेवून डोळे मिटायचे. बऱ्याच जणांना ओझं जाणवतच नाही. मग त्यांना सांगते की 'डॉन' नावाचं यान २००७ मध्ये निघालं आणि याच जातीच्या इंजिनांवर २०११ मध्ये वेस्टा आणि २०१५ मध्ये सेरेस या लघुग्रह-पट्ट्यातल्या दोन वेगवेगळ्या गोलांभोवती फिरलं. थांब्यावरून सुटून ताशी ९६ किलोमीटरचा वेग पकडायला त्याला ४ दिवस लागायचे. पण इंजिन एकूण साडेपाच वर्षांहून जास्त काळ चालू राहिलं. अवकाशात हवेचा विरोध नाही, त्यामुळे मिळालेला वेग साठत जातो. जमिनीवरून उठताना मात्र गुरुत्वाकर्षण क्षणभरही सवलत देत नाही.

हे तंत्र नवं आहे का? भारताकडे आहे का?

नवं अजिबात नाही. १९६४ मध्येच अमेरिकेच्या 'सर्ट-१' यानावर आयन इंजिन अवकाशात अर्ध्या तासाहून थोडं जास्त चाललं. त्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या 'झोंड-२' वर स्पंदित प्लाझ्मा थ्रस्टर होते (प्लाझ्मा म्हणजे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेला वायू, स्पंदित म्हणजे थांबून थांबून झटके देणारा). जपानचं 'हायाबुसा' आयन इंजिनांवर इटोकावा या लघुग्रहापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये तिथली धूळ घेऊन परत आलं.

आपल्याकडे ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ उपग्रहावर इस्रोने झेनॉनवर चालणारी विद्युत प्रणोदन यंत्रणा बसवली होती. मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १,००० तासांची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर केलं.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात जवळची गोष्ट २०१२ ची आहे. ९ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी२१ या आपल्या रॉकेटने जपानच्या ओसाका इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रोइटेरेस' हा छोटा उपग्रह नेला. त्यावर स्पंदित प्लाझ्मा थ्रस्टर होते. विद्यार्थ्यांचा थ्रस्टर, आणि तो नेणारं रॉकेट आपलं.

शाळेत खरा आयन थ्रस्टर बनवता येईल का?

नाही. आणि जो 'येईल' म्हणतो त्याच्यापासून मुलांना दूर ठेवा.

खऱ्या थ्रस्टरला निर्वात लागतं. आयनाच्या वाटेत हवेचे रेणू आले तर तो दोन पावलंही जात नाही, धडकून थांबतो. दाब वातावरणाच्या कोट्यवधीव्या भागाइतका खाली न्यावा लागतो. त्यासाठी पोलादी किंवा जाड काचेची कोठी, दोन प्रकारचे पंप, दाबमापक आणि शेकडो-हजारो व्होल्टचा पुरवठा एकत्र लागतो. हे सगळं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली होतं. आठवी-नववीच्या पोरांनी घराच्या माळवदावर करायचं हे काम नाही.

मग आम्ही बनवायचं काय?

दोन प्रतिरूपं आहेत. एक चुंबकाच्या जोरावर पाणी मागे ढकलणारी होडी, दुसरी अणकुचीदार टोकातून आयन सोडून फिरणारी भिंगरी. थ्रस्टरमागच्या दोन तत्त्वांपैकी एकेक तत्त्व त्या खरंखुरं दाखवतात. दोन्हींतून जो रेटा मिळतो तो मिलिन्यूटनमध्येच असतो, म्हणजे खऱ्या थ्रस्टरच्याच पट्टीतला. म्हणून त्याचं मोजमापही तेवढंच नाजूक असतं आणि माझ्या मते खरा प्रकल्प तिथेच आहे. होडी पुढे सरकली की मुलं टाळ्या वाजवतात. मी विचारते, "किती रेट्याने सरकली?" त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत प्रकल्प अर्धाच झालेला असतो.

पहिल्यांदा करत असाल तर होडी घ्या.

होडीला काय काय लागतं?

थर्माकोलची पुस्तकाएवढी पाटी, २५ मिलिमीटर व्यासाचा निओडिमियम चुंबक, दोन कार्बनच्या कांड्या, १२ व्होल्टची यूपीएसमधली छोटी बंद बॅटरी, २ अँपिअरचा फ्यूज, अँपिअरमापक म्हणून मल्टिमीटर, हेडफोनमधल्यासारखी मऊ बारीक वायर, खाण्याचा सोडा आणि पसरट टब. आमचा टब म्हणजे पीठ मळायची मोठी प्लास्टिकची परात.

कार्बनच्या कांड्या टॉर्चच्या जुन्या स्वस्त मोठ्या सेलमध्ये मिळतात. अल्कलाइन सेलमध्ये त्या नसतात, तो फोडू नका. सेल उघडण्याचं काम शिक्षकांनी हातमोजे घालून करावं, आतली काळी भुकटी हाताला लागू देऊ नये. शहरात विज्ञान साहित्याच्या दुकानात तयार कांड्याही मिळतात.

बांधणी कशी करायची?

पाटीच्या खालच्या बाजूला, मधोमध, चुंबक आडवा चिकटवा. त्याचं एक तोंड पाण्याकडे. चिकटवण्याआधी तो मेणात बुडवून काढा, नाहीतर गंजतो. चुंबकाच्या डाव्या-उजव्या बाजूला, एकमेकींपासून ३ सेंटिमीटरवर, होडीच्या लांबीला समांतर अशा दोन कार्बनच्या कांड्या बसवा. वायरी वरून बाहेर काढा.

आता बॅटरी जोडली की धारा पाण्यातून एका कांडीकडून दुसरीकडे, म्हणजे आडवी जाते. चुंबकीय क्षेत्र उभं आहे. दोन्हींना काटकोनात, म्हणजे होडीच्या लांबीच्या दिशेने, पाण्यावर बल लागतं. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तो हाच. पाणी मागे जातं, होडी पुढे. अवकाशात वापरायच्या मॅग्नेटोप्लाझ्माडायनॅमिक थ्रस्टरमध्ये पाण्याच्या जागी प्लाझ्मा असतो. बाकी बल हेच.

हीच युक्ती मोठी करून जपानने 'यामातो-१' नावाचं जहाज बांधलं होतं. १९९२ मध्ये ते कोबे बंदरात पंख्याशिवाय चाललं.

पाण्यात चिमूटभर हळद भुरभुरवा. सोड्याच्या पाण्यात हळद लालसर होते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं, कापडावर हळद सांडून साबण लागला की तेच होतं. ऋण टोकाच्या कांडीजवळ पाणी जास्त अल्कधर्मी होतं, म्हणून तिथे हळदीची रेघ गडद कुंकवासारखी होते आणि मग ती रेघ चुंबकाखालून सरळ मागे ओढली जाताना दिसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमचा अख्खा वर्ग परातीवर वाकला होता.

खाण्याचं मीठच का नाही वापरायचं? धारा तर जास्त वाहते.

वाहते, पण मिठाच्या पाण्यातून धन टोकाला क्लोरीन वायू निघतो. बंद वर्गात तो घशाला आणि डोळ्यांना त्रास देतो. खाण्याच्या सोड्याने तो प्रश्न येत नाही, एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्याला मुख्यतः ऑक्सिजन एवढंच निघतं. एक लिटर पाण्यात ८० ग्रॅमच्या आसपास सोडा विरघळवा.

हायड्रोजनची भीती किती बाळगायची? अर्धा अँपिअर धारेला मिनिटाला ४ मिलिलिटरही निघत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ उदबत्ती, काडी, मेणबत्ती नको, वरून झाकण नको. एवढं पुरतं.

कार्बनऐवजी स्टीलचे चमचे लावायचा मोह आवरा. धन टोकाचं स्टील झिजून पाण्यात नको ती संयुगं उतरू शकतात.

आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. चालेल?

होडी चालेल, पण फार वेळ नाही. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. सोडा टाकला की ते गढूळ होतं आणि ऋण कांडीवर घागरीच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर बसतो. धारा हळूहळू कमी होत जाते आणि आपल्याला वाटतं बॅटरी उतरली. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

रेटा मोजायचा कसा? आमच्याकडे तसलं यंत्र नाही.

यंत्र लागत नाही. दोरा आणि नट लागतो.

५ ग्रॅमचा एक नट घ्या. किराणा दुकानात नको, सराफाकडे नेऊन वजन करून आणा, ते आनंदाने करून देतात. तो १ मीटर लांब दोऱ्याला बांधून परातीच्या वर टांगा. होडीचं नाक त्या नटाला नुसतं टेकेल असं ठेवा. बॅटरी जोडली की होडी नटाला ढकलते, नट थोडा पुढे जाऊन थांबतो. किती सरकला ते परातीच्या कडेला लावलेल्या पट्टीवर वाचा. या मापात १ मिलिन्यूटन रेट्याला नट सुमारे २ सेंटिमीटर सरकतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्या : सरकलेलं अंतर भागिले दोऱ्याची लांबी, गुणिले नटाचं वजन न्यूटनमध्ये.

अपेक्षा किती ठेवायची? पाण्यात सरासरी क्षेत्र ०.१ टेस्ला, धारा अर्धा अँपिअर, कांड्यांमधलं अंतर ३ सेंटिमीटर धरलं तर गुणाकार येतो दीड मिलिन्यूटन. चुंबक कांड्यांच्या पूर्ण लांबीला पुरत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी येईल. नट सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकला तर बांधणी नीट आहे असं समजा.

मग येते खरी परीक्षा. सरकलं ते चुंबकीय बलानेच कशावरून? वायरींच्या ताठरपणामुळे होडी सरकत नसेल कशावरून? यासाठी बॅटरीची टोकं उलट करा. बल खरं असेल तर होडी उलट दिशेने जाईल. वायरीचा ताण मात्र दिशा बदलत नाही. मग चुंबक उलटा करून पुन्हा. दोन्ही उलट केले की दिशा पुन्हा पहिलीच यायला हवी. चुंबक काढून टाकला तर काहीच व्हायला नको. हे चार प्रयोग वहीत लिहिले की तुमच्या निष्कर्षाला पाया मिळतो.

शेवटी धारा बदलत जा (वायरीत वेगवेगळे रोध घालून) आणि धारा विरुद्ध रेटा असा आलेख काढा. सरळ रेषेच्या जवळपास यायला हवा.

होडी गोल गोल फिरते, सरळ जात नाही.

चुंबक मधोमध नाही किंवा एक वायर ओढते आहे. वायर वरून, पंख्याच्या हुकाला टांगून सैल सोडा.

दुसरा प्रयोग, आयनांची भिंगरी, म्हणजे काय?

शाळेत व्हॅन डी ग्राफ जनित्र (पट्टा फिरवून धातूच्या गोलावर स्थिर वीज साठवणारं यंत्र) असेल तर हा करा. तांब्याच्या बारीक तारेचा इंग्रजी 'एस'सारखा आकार करायचा, दोन्ही टोकं घासून सुईसारखी करायची आणि मध्यावर एका टाचणीवर तोलून जनित्राच्या गोलावर ठेवायची. जनित्र फिरवलं की टोकांजवळची हवा आयनित होते, त्याच भाराचे आयन टोकापासून दूर पळतात, हवेला सोबत नेतात आणि भिंगरी टोकांच्या उलट दिशेने फिरू लागते. टोकासमोर ओला तळवा धरला तर गार झुळूक जाणवते. अंधारात टोकावर जांभळट ठिपका दिसतो.

इथे एक छान फरक आहे. होडीत टोकं उलट केली की दिशा उलटते. भिंगरी मात्र धन भारावरही आणि ऋण भारावरही त्याच बाजूला फिरते. का, ते मुलांना शोधू द्या, सांगू नका.

या भिंगरीचा रेटा काट्यावर मोजता येतो का?

येतो, पण इथे आम्ही एकदा सपशेल चुकलो होतो, ते सविस्तर सांगते.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान सराफी काटा आम्ही मागून आणला. काट्यावर थर्माकोल, त्यावर अ‍ॅक्रिलिकच्या दांडीवर वर तोंड करून सुई. सुईच्या वर ३ सेंटिमीटरवर, वेगळ्या स्टँडला, जनित्राच्या तळाशी जोडलेली धातूची जाळी. जनित्र चालू केलं आणि काट्यावरचा आकडा ०.४ ग्रॅमने बदलला. म्हणजे ४ मिलिन्यूटन! आम्ही तक्ता रंगवला, मी स्वतः त्यावर सही केली.

दोन दिवसांनी नववीतली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, वारा वर जातोय. मग सुई खाली दाबली जाऊन वजन वाढायला पाहिजे ना? आपलं तर कमी झालंय."

तिचं बरोबर होतं. आम्ही मोजलेला रेटा नव्हताच. सुईचा दांडा, वायर, सगळंच स्थिर विजेने जाळीकडे ओढलं जात होतं. केसांकडे फुगा ओढला जातो, तेच. तो तक्ता आम्ही फाडला नाही. त्याच्या शेजारी नवा लावला आणि चूक कुठे होती ते लिहिलं.

बरोबर मांडणी अशी : सुई आणि जाळी एकाच अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत घट्ट बसवा आणि पूर्ण चौकट काट्यावर ठेवा. आता दोघींमधली ओढ आपापसात फिटते, काट्याला कळत नाही. उरतो तो हवेला दिलेला रेटा. काट्याच्या ताटलीवर धातूचा पत्रा ठेवून तो जनित्राच्या तळाशी जोडा, नाहीतर स्थिर विजेने आकडे नाचत राहतात. वायर केसासारखी बारीक आणि सैल हवी. आणि प्रत्येक वेळी पडताळा घ्या : सुईच्या टोकावर मेणाची गोळी चिकटवा. टोक झाकलं की आयन थांबतात, व्होल्टेज मात्र उतरत नाही. तरीही काटा काही दाखवत असेल तर तो रेटा नाही.

शाळेच्या जनित्रातून ५ मायक्रोअँपिअर धारा मिळाली आणि अंतर ३ सेंटिमीटर असेल तर रेटा पाऊण मिलिन्यूटनच्या आसपास यायला हवा, म्हणजे काट्यावर ०.०७ ते ०.०८ ग्रॅम. आमच्या पहिल्या ०.४ पेक्षा कितीतरी लहान, पण हा खरा.

जुलैत केलं तर जनित्र चालतच नाही. बिघडलं का?

बिघडलं नाही, हवा दमट आहे. भार दमट पृष्ठभागावरून निसटून जातो. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तो मार्गशीर्ष-पौषात. रात्री अंधारात शाल किंवा स्वेटर काढताना चटचट आवाज येऊन ठिणग्या दिसतात, त्या दिवसांत. कोकणातल्या शाळांना हे भाग्य नाही, आपल्या कोरड्या थंडीचा हा एक फायदा आहे आणि तो घ्यावा. पट्टा आणि खांब आधी तासभर उन्हात ठेवा.

ही आयनांची भिंगरी अवकाशात चालेल का?

नाही. ती हवेला ढकलते आणि अवकाशात ढकलायला हवा नाही. खरा थ्रस्टर स्वतःचा वायू सोबत नेतो. तक्त्यावर हे वाक्य ठळक अक्षरात लिहाच.

हवेत मात्र याचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने २०१८ मध्ये ५ मीटर पंखांचं, अडीच किलोच्या आतलं विमान पंख्याशिवाय, याच आयन-वाऱ्यावर सुमारे ६० मीटर उडवून दाखवलं. त्याला ४० हजार व्होल्ट लागले होते.

मॅडम, आमच्या पोराला करंट तर नाही बसणार?

प्रत्येक आईबापाने हे विचारावंच.

होडीत १२ व्होल्ट आहेत, त्याने करंट बसत नाही. फ्यूज मात्र काढू नका, बॅटरीची टोकं एकमेकांना लागली तर वायर तापून भाजेल. चुंबक फार जोरकस असतो, दोन चुंबकांत बोट चेमटतं, आणि घरात लहान लेकरू असेल तर ते त्याच्या हाती लागता कामा नये. गिळलं तर आतड्याला इजा होते.

व्हॅन डी ग्राफचा आकडा लाख-दोन लाख व्होल्ट ऐकून घाबरायला होतं, पण २० सेंटिमीटरच्या गोलात साठणारी ऊर्जा साधारण ०.२ ज्यूल असते. झटका बसतो, दचकायला होतं, निरोगी माणसाला इजा होत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्या खोलीत येऊ नये. प्रयोग संपला की गोल जमिनीला जोडून भार उतरवावा. सुईजवळ ओझोन तयार होतो, म्हणून खिडकी उघडी.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. व्हिडिओ पाहून मुलं जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर, टीव्हीचा जुना भाग, डासांच्या रॅकेटचं सर्किट किंवा मोठे कपॅसिटर आणतात. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला एकदा हात लागला तर दुसरी संधी मिळत नाही. कपॅसिटर तर प्लग काढल्यावरही भरलेला असतो. ४०० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ८ ज्यूल असतात, आमच्या गोलाच्या चाळीसपट. माझ्या प्रयोगशाळेत या वस्तूंना बंदी आहे, कितीही हुशार विद्यार्थी असला तरी. भिंतीतल्या सॉकेटमधून थेट काहीही जोडायचं नाही.

फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्याच्या व्हॅक्यूम पंपाने निर्वात होईल ना?

त्या पंपाने चांगल्या स्थितीत काही पास्कलपर्यंत दाब उतरतो. ऐकायला भारी वाटतं, कारण बाहेर सुमारे एक लाख पास्कल असतो. पण थ्रस्टरला हजारांश पास्कलच्या आसपास पोचावं लागतं, म्हणजे अजून हजारपट खाली. शिवाय लोणच्याची बरणी किंवा साधं काचेचं भांडं निर्वात करू नका. चारही बाजूंनी वातावरण दाबत असतं आणि काच आतल्या बाजूला फुटून तुकडे अंगावर येतात.

निर्वात किती अवघड असतं हे समजायला लांब जायला नको. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असणार आहेत आणि आत निर्वात. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांमधला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका आहे. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

प्रदर्शनात काय नाव द्यावं? परीक्षक 'ज्वाला कुठे आहे' विचारतात.

'आयन इंजिन बनवलं' असं लिहू नका, ते खरं नाही. 'विद्युत प्रणोदनाच्या तत्त्वाचं प्रतिरूप आणि रेट्याचं मोजमाप' असं लिहा. एका प्रदर्शनात आमच्या मुलांना हाच ज्वालेचा प्रश्न आला आणि पुढचं काही न ऐकता परीक्षक निघून गेले. मुलं रडवेली झाली. दुसऱ्या वर्षी आम्ही टेबलावर पहिल्यांदा दोन ए-४ कागद ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर द्यायचे असं ठरवलं. "हा आयन इंजिनाचा रेटा" एवढंच म्हणायचं. लोक थांबायला लागले.

खर्च?

जनित्र शाळेचं असेल तर दोन-तीन हजारांत दोन्ही प्रयोग होतात, सगळ्यात महाग सराफी काटा. शालेय विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठीच्या इन्स्पायर-मानक या सरकारी योजनेत निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात.

बारावीनंतर खरंच यात काम करायचं असेल तर?

भौतिकशास्त्र, विद्युत, यंत्र किंवा अवकाश अभियांत्रिकी, कुठल्याही दारातून येता येतं. इस्रोमध्ये प्रणोदनाचं काम तिरुवनंतपुरमजवळ वलियामला इथल्या द्रव प्रणोदन प्रणाली केंद्रात चालतं. पण त्याआधी एक करा. जवळच्या मोठ्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात विचारा की पातळ थर चढवण्याचं यंत्र आहे का. त्याला घंटेच्या आकाराची निर्वात कोठी असते आणि तिच्यात हजारांश पास्कलपर्यंत दाब उतरतो. ती चालताना एकदा बघू द्या अशी विनंती करा. पंपाचा आवाज बदलतो, दाबमापकाचा काटा हळूहळू खाली येतो, तासभर जातो. आमची मुलं तो तासभर हलली नाहीत.

प्रयोग झाल्यावर सोड्याचं पाणी कुठे टाकायचं?

गटारात, भरपूर पाणी घालून. झाडांना नको, आपली जमीन आधीच चोपण होते आहे. कांड्या साध्या पाण्यात धुऊन, वाळवून, चुंबकापासून वेगळ्या डब्यात ठेवा.